आयीच्या फ्रीजवरचे माओ

चीनमधल्या चांगशाला येऊन दोन वर्षं झाली. ही हुनान प्रांताची राजधानी आणि माओचं जन्मगाव शाओशान इथून साधारण शंभर किलोमीटर, त्यामुळे माओ जुशी, म्हणजे चेअरमन माओ, इकडे जरा जास्तच भेटतात. नदीतल्या बेटावर तरुण माओचा 32 मीटर उंच पुतळा आहे, नुसतं डोकं आणि खांदे, केस वाऱ्यावर उडतायत. कुठल्याकुठल्या टॅक्सीत आरशाला त्यांचा फोटो लटकतो, आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपती असतो ना, तसाच, अपघात होऊ नये म्हणून. नोटांवर पण तेच, पण आता नोट बघतंय कोण, भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते.

26 डिसेंबरला, त्यांच्या वाढदिवसाला, शाओशानला गेलो होतो. ही गर्दी! ब्राँझच्या पुतळ्यापुढे लोक फुलं ठेवून तीनदा वाकतात आणि मग नूडल्स खातात, लांब नूडल्स म्हणजे दीर्घायुष्य, माणूस 1976 लाच गेलाय तरीही. आणि 1966 नंतर रेड गार्ड्सनी, म्हणजे माओंच्या तरुण समर्थकांच्या टोळ्यांनी, जुनं ते मोडा म्हणत देवळं फोडली ती याच माणसाच्या नावाने. मला हसावं की काय कळेना.

आमच्या घरमालकीणबाईंना मी आयी म्हणतो. आयी म्हणजे इकडे मावशी, पण मला हाक मारताना दरवेळी घरचीच आठवण येते. त्यांच्या फ्रीजवर माओचा फोटो आहे. एकदा विचारलं, का हो ठेवलाय? तर म्हणाल्या, माझ्या आईला लहानपणीच भावी सासरी देऊन टाकलं होतं, 1950 च्या लग्नाच्या कायद्याने ती सुटली, मग रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकली. कम्युनिस्ट पक्षाने 1981 मध्ये ठराव करून माओंचं कार्य मोठं आणि चुका दुय्यम असं ठरवून टाकलं, लोकांच्या तोंडी त्याचं सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक झालंय. आयीसुद्धा तेच म्हणाल्या, अगदी पाढा म्हटल्यासारखं.

मग जेवताना माझ्या वाटीत थोडा भात उरला. त्यांनी वाटी ओढून घेतली आणि शीत न् शीत खाल्लं. त्यांचा धाकटा भाऊ 1960 मध्ये गेला, माओंच्याच धोरणांतून ओढवलेल्या उपासमारीत. दुष्काळ हा शब्द त्या वापरत नाहीत, "ती तीन अवघड वर्षं" म्हणतात, पुस्तकात लिहितात तसंच.

फोटोवरची धूळ मात्र रोज पुसतात.