तुम्ही विचारलंत म्हणून: सिमोला पश्चात्ताप झाला होता का?

सिमो हायहा या फिनलंडच्या लष्करी नेमबाजाबद्दल मी बोललो की हा प्रश्न ठरलेला. ज्यानं एकट्यानं पाचशेच्या आसपास माणसं टिपली असं सांगतात, त्याला पुढे झोप कशी लागली असेल?

खुद्द त्यालाही हे म्हातारपणी विचारलं होतं. सांगितलेलं काम जमेल तितकं नीट केलं, एवढंच तो म्हणाला. मला हे उत्तर फार वर्षं कोरडं वाटायचं. त्याचं पुढचं आयुष्य कळल्यावर तसं वाटेनासं झालं.

सिमो फिनलंडच्या राउत्यार्वीचा शेतकरी. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा देशात घुसल्या आणि कोल्ला नदीकाठच्या आघाडीवर तो बर्फात पालथा पडून नेम धरू लागला. बंदुकीला दुर्बीण लावायचा नाही, कारण तिच्यासाठी डोकं वर काढावं लागतं आणि थंडीत काचेवर दव गोठतं. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. फेब्रुवारीत त्याला मानाची रायफल मिळाली. ६ मार्च १९४० ला स्फोटक गोळीनं त्याचा डावा जबडा उडवला. शुद्ध आली १३ मार्चला, नेमकी शांतता झाली त्या दिवशी. कोल्लाची फळी शेवटपर्यंत फुटली नव्हती, तरी तहात कोल्ला सोव्हिएत संघाकडे गेलं. त्याचं घर आणि शेतही गेलं.

लोक लढाई सुरू झाल्यापासून तो जखमी होईपर्यंतच्या त्या अठ्ठ्याण्णव दिवसांवर थांबतात. मला मात्र पुढची बासष्ट वर्षं दिसतात. सव्वीस शस्त्रक्रिया झाल्या, चेहरा वाकडा राहिला, लग्न झालं नाही. हुद्दा वाढला, पदकं मिळाली. १९४१ मध्ये पुन्हा लढाई पेटली तेव्हा यानं आघाडीवर जायची परवानगी मागितली, पण जखमेमुळे ती मिळाली नाही. मग रुओकोलाहतीला नव्या जमिनीवर त्यानं शेती पहिल्यापासून उभी केली, शिकारी कुत्री पाळली. एवढा नेम कसा साधला, असं विचारलं तर एकच शब्द: सराव.

तेव्हा पश्चात्ताप झाला का? मला वाटतं, नाही. पण त्या आकड्याचा अभिमानही त्यानं कधी मिरवला नाही. त्याच्या लेखी ते देश वाचवण्यासाठी करावं लागलेलं काम होतं, आणि एवढं करूनही त्याचं स्वतःचं गाव वाचलं नाही. मला हेच सगळ्यात जास्त लागतं.

१ एप्रिल २००२ ला, शहाण्णवाव्या वर्षी, हामिनाच्या माजी सैनिकांच्या निवासात तो गेला. त्याला पुरलं रुओकोलाहतीला. जुनं शेत अजून सीमेपलीकडे, रशियातच आहे.