दोनाचं एक झालं का?

काल दुपारी अडीच-तीनच्या सुमारास लाइन गेली. मे महिन्यात आमच्याकडे लाइन जाणं ही काही लिहायची गोष्ट नाही, पण पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना कूलरची फडफड थांबली की घरात एकदम जी शांतता पसरते ना, ती ऐकण्यासारखी असते, कोठ्यातली बकरीसुद्धा ओरडायचं सोडून देते. मी समोरच्या खोलीत कापसावर बसले होते. हो, कापसावरच. आमची समोरची खोली डिसेंबरपासून कापसाने भरलेली आहे, खिडकीच्या वरपर्यंत, पाहुणे मागच्या दाराने येतात आणि दिवाण कुठे गेला म्हणून विचारत नाहीत कारण त्यांच्याही घरी दिवाण कापसाखालीच आहे.

फोनमध्ये अकरा टक्के बॅटरी आणि त्यात ती बातमी. बातमी कसली, अफवा. नवीन डिजिटल रेंजफाइंडर येतोय म्हणे, म्हणजे काचेच्या खिडकीला डोळा लावून हाताने रिंग फिरवून फोकस करायचा कॅमेरा. कुठल्याशा देशाच्या वायरलेस खात्यात एका अनोळखी मॉडेल नंबरची नोंद झाली, एवढाच पुरावा, आणि सोबत एक अंधुक फोटो ज्यात कॅमेऱ्याचा वरचा कोपरा दिसतो असं म्हणतात. मला तो साबणाच्या डबीचा कोपरा वाटला. तरी दोन बोटांनी ताणून ताणून बघितला, आणि नेमकी ती खिडकी आहे की नुसती सावली हे कळायच्या आतच फोन गरम झाला म्हणून त्याने आपलं आपण तोंड मिटून घेतलं.

आता हे बघा, मला रेंजफाइंडरच का पाहिजे याचं उत्तर इथंच आलं. आमच्या उन्हात फोनचा स्क्रीन म्हणजे काळी पाटी, त्यात स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसतं आणि मागे शेत आहे असं समजून बटन दाबायचं. काचेच्या खिडकीला ऊन लागत नाही. डोळा लावला की दिसलं.

गेली वीस वर्षं मी अशा अफवा वाचतेय. पहिला डिजिटल रेंजफाइंडर २००४ मध्ये आला, इप्सन आर-डी१, सहा मेगापिक्सेलचा. प्रिंटरवाल्या इप्सनने कोसिना या जपानी कॅमेरा कंपनीच्या मदतीने केलेला, आणि गंमत अशी की डिजिटल असून त्याला फिल्म ओढायची दांडी होती, ती ओढल्याशिवाय शटर चढायचं नाही. वर घड्याळासारखे काटे, बॅटरी किती, फोटो किती उरले. मी तो फक्त चित्रात बघितला पण त्या दांडीसाठी माझा अंगठा अजून वळवळतो. मग २००६ मध्ये लायका या जर्मन कंपनीचा एम८, ज्याच्यात काळे सिंथेटिक कपडे जांभळे यायचे, सेन्सरला इन्फ्रारेड जास्त दिसायचं म्हणून, आणि कंपनीने लोकांना फुकट फिल्टर वाटले. तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता की आमची म्हैस त्यात कोणत्या रंगाची आली असती. २००९ मध्ये एम९, पूर्ण फ्रेमचा, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. आणि प्रत्येक दोन कॅमेऱ्यांच्या मधे अफवांचं रान: इप्सन परत आणणार, झाइस आणणार, निकॉन आपला जुना फिल्मवाला एसपी डिजिटल करणार. कोणीच आणला नाही. फ्रान्सच्या एका छोट्या कंपनीने पिक्सी काढला तेवढाच काय तो, बाकी फिरून फिरून लायका.

आमच्या बुलडाण्याकडे भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी असते. शेतात गोल आखायचा, त्यात अठरा प्रकारचं धान्य मांडायचं, मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर, पापड, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही आणि सकाळी दिवस निघायच्या आत कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं ते बघून पाऊस, पीक आणि राजाची गादी सगळं सांगतात. आमचे हे दरवर्षी म्हणतात की आपला काही विश्वास नाही, आणि दरवर्षी सकाळी सगळ्यात आधी फोन करून विचारतात, कापूस कसा सांगितला? माझं त्या मॉडेल नंबरांचं तेच आहे. दाणा हलला की नाही एवढंच बघायचं. वारा होता का उंदीर होता हे विचारायचं नाही.

मूळ रोग लागला तो मोठ्या बाबांमुळे. मोठे बाबा कापूस एकाधिकार खरेदीत, म्हणजे सरकारच सगळा कापूस घ्यायचं त्या योजनेत, ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवणारे. ती योजना १९७२ ला सुरू झाली आणि मला कळायला लागलं तेव्हा ऐन भरात होती, सेंटरवर बैलगाड्यांची रांग, रात्र रात्र मुक्काम, आणि ग्रेडर म्हणजे देव किंवा दुश्मन, गाडीवर अवलंबून. ते गाडीत हात खुपसून आतून मूठभर कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे, परत जुळवायचे, परत ओढायचे, आणि धाग्याची लांबी डोळ्यासमोर धरून बघायचे. शेतकरी त्यांच्या अंगठ्यांकडे बघत उभा.

त्याच अंगठ्यांनी ते यशिकाची रिंग फिरवायचे. यशिका इलेक्ट्रो ३५, नागपूरच्या सीताबर्डीहून सेकंडहँड घेतलेला, वर अणूचं चित्र काढलेला. हा मॉडेल १९६६ चा, ४५ एमएमची एक पॉइंट सातची लेन्स, उजेड कमी असला की पिवळा दिवा आणि जास्त असला की लाल. तो कॅमेरा चामड्याच्या पेटीत आणि पेटी पोथीच्या फडताळात. पोरांनी हात लावला की ओरडा. फक्त एका कामाला मला बोलवायचे, कारण त्यांना तेव्हाच चष्मा लागला होता आणि तो पिवळट चौकोन नीट दिसायचा नाही.

आजी छपरीत बसून वाती वळत होती. मोठ्या बाबांनी कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला, पट्टा स्वतःच्या गळ्यात ठेवूनच, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना बांधल्यासारखे. खिडकीतून बघितलं तर मधोमध चौकोन आणि त्या चौकोनात आजीला दोन नाकं. दोन नथी. कपाळावरचं गोंदण दोन ठिकाणी, एक जरा फिकं, भुतासारखं बाजूला तरंगणारं.

“आजीला दोन नाकं हायेत,” मी म्हटलं.

“मले?” आजी म्हणाली आणि नाक चाचपून बघितलं.

“फिरोव हळूहळू,” मोठे बाबा म्हणाले, “दोनाचं एक झालं का सांग.”

मी रिंग फिरवली आणि ते फिकं नाक सरकत सरकत आलं, खऱ्या नाकाच्या पलीकडे निघून गेलं, मग परत आणलं, आणि एका क्षणी ते असं बसलं की जसं काही दुसरं कधी नव्हतंच. झालं, म्हटलं. मोठ्या बाबांनी कॅमेरा काढून घेतला, बटन दाबलं, चिक. इतका बारीक आवाज की आजीला खरंच वाटेना. त्या वेळी हॉट शॉटवाल्या कॅमेऱ्याचा खटॅक सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे ती पुढची दहा मिनिटं तशीच ताठ बसून राहिली, काढा ना आता म्हणत.

ते नाक बसायचा क्षण मला पुढे कुठल्याच कॅमेऱ्यात मिळाला नाही. ऑटोफोकसमध्ये हिरवा चौकोन टुक् करतो, पण ते कॅमेऱ्याने केलेलं, आपण नाही.

रोल ब्लॅक अँड व्हाइट, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. छत्तीस फोटो, आणि ते छत्तीस संपायला मोठ्या बाबांना वर्ष-सव्वा वर्ष लागायचं, त्यामुळे दारव्ह्याच्या स्टुडिओतून पाकीट यायचं तेव्हा त्यात सगळं एकत्र: कोणाचं साक्षगंध, मेलेला बैल, सेंटरवरचा कापसाचा डोंगर आणि त्याच्यावर चढलेला हमाल मुंगीएवढा, आणि तान्ह्या पोळ्याला मी भावाचा लाकडी बैल धरून, पुढचे दोन दात पडलेले. फोटो हातात आला तेव्हा दात येऊन जुने झाले होते. भाऊ त्या फोटोत फ्रेमच्या कडेला रडतोय कारण बैल त्याचा, बोजारा, बैल दाखवून मिळतात ते पैसे, मी मागून आणला आणि एक रुपयासुद्धा दिला नाही. अजून दिला नाही.

लाकडी बैलावरून आठवलं. फुजीचा एक्स१०० आणि एक्स-प्रो यांना लोक रेंजफाइंडर म्हणतात, कोपऱ्यात खिडकी आहे म्हणून, आणि माझं डोकं फिरतं. चांगले कॅमेरे आहेत, वाद नाही, पण खिडकीच्या आत ते दोनाचं एक होत नाही. तान्ह्या पोळ्याचा बैल आहे तो. शिंगं आहेत, घुंगरू आहेत, झूल आहे, चाकंसुद्धा आहेत, पण वखराला जुंपता येत नाही. आणि लायकाने तर २०१८ मध्ये एम१०-डी काढला, मागे स्क्रीन नाही, फार छान, आणि फिल्म ओढायच्या दांडीसारखी एक दांडी दिली जी ओढायला नाही, अंगठा टेकवायला आहे. मी त्या दिवशी जेवले नाही असं म्हणणार नाही पण भाकर उरली. त्यावर कळस म्हणजे २०२५ मध्ये एम ईव्ही१, ज्यातून रेंजफाइंडरच काढून टाकला आणि इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला. म्हणजे १९५४ च्या एम३ पासून ज्या गोष्टीसाठी लोक मरत होते तीच नाही. विहीर बुजवून वर छान जगत बांधल्यासारखं.

मला काय पाहिजे ते मी एकदा दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. साठ मेगापिक्सेल नको, एम११ मध्ये आहेत तेवढे, आमच्या गावात एवढं बघण्यासारखं बारीक काही नाही. स्क्रीन नको. दांडी पाहिजे, खरी, ओढायची. चौकोन पिवळट पाहिजे. चष्मा लावून पूर्ण फ्रेम दिसली पाहिजे कारण आता माझीही चाळिशी गेली. सत्तेचाळीस डिग्रीत बंद पडता कामा नये. दारव्ह्यात दुरुस्त झाला पाहिजे. आणि किंमत बैलजोडीएवढी, फार तर.

किंमत. एम११ २०२२ मध्ये निघाला तेव्हा ८,९९५ डॉलर होता, लेन्स वेगळी. एकदा मी याचा कापसात हिशोब केला, हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरून, तर साधारण शंभर क्विंटल. आमचं सहा एकर कोरडवाहू, एकरी पाच-सहा क्विंटल, म्हणजे तीन वर्षांचा सगळा कापूस, मजुरी, बी, खत, फवारणी कोणालाच काही न देता, आणि आम्ही तीन वर्षं हवा खाऊन. हा हिशोब मी ह्यांना दाखवला. त्यांनी नीट बघितला, गुणाकार तपासला, आणि म्हणाले, “बारा हजार भाव धरून पाय ना, मंग कमी लागते.”

बारा हजार. २०२१-२२ मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, काही दिवस खूपच वर, आणि आमचा तेव्हा डिसेंबरमध्येच विकून झाला होता. तेव्हापासून आमच्या घरी कापूस लवकर जात नाही. पुढच्याच हंगामात सगळ्या गावाने ठेवला, मार्च गेला, मे गेला, भाव खालीच, अंगाला खाज सुटली पोरांच्या, कापसातले बारीक किडे रात्री चावायचे, डॉक्टरने मलम दिलं आणि स्वतःच्या कापसाचं काय करू ते आम्हालाच विचारलं. तरी यंदा परत खोली भरलेली. मी बोलत नाही फार. कोणत्या तोंडाने बोलणार?

यशिका आता माझ्याकडे आहे. त्याचे पाऱ्याचे सेल मिळेनासे झाले आणि सेलाशिवाय तो एकाच वेगाला चालतो, पण खिडकी शाबूत आहे, चौकोन आहे, रोल न भरताच मी कधी कधी बघत बसते. म्हैस, बोरीचं झाड, हे. सगळ्यांचं दोनाचं एक करून ठेवून देते.

मोठ्या बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांना भेटायला गेले होते. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला तर म्हणाले, “दोन दिसून रायले.” मी म्हटलं, होईल आता ऑपरेशन. ते दिव्याकडे बघत राहिले आणि त्यांचे दोन्ही अंगठे मांडीवर हलले, जरासेच, काहीतरी ओढल्यासारखे किंवा फिरवल्यासारखे. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण आता ते मला ओळखतात की नाही हे दरवेळी पहिली दोन मिनिटं कळत नाही, आणि त्याला काही मोतीबिंदू कारण नाही.

पाच वाजता लाइन आली. कूलर सुरू झाला आणि पहिल्या झोताने कापसाच्या पुंजक्यांचा एक थर उडून माझ्या तोंडाला, पायरीला, विठ्ठलाच्या फोटोला चिकटला. हे वावरातून आले, डोक्याचा दुपट्टा सोडून पायरीवर बसले.

“निंगाला का तुया क्यामेरा?”

“निंगन म्हन्ते,” मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. “भाव?”

“वाढन म्हन्ते.” मग थोडं थांबून, मान खाजवत, “उद्या गाडी सांगून टाकू का? जे भेटन ते भेटन.”

फोन चार्जिंगला लावला होता, तेवढ्यात उजळला. तो साबणाच्या डबीचा कोपरा, आता दुसऱ्या बाजूने, आणि ह्यावेळी तिथं खरंच एक छोटी चौकोनी खिडकी दिसत होती, शप्पथ.

“थांबा ना अजून चार दिवस,” मी म्हटलं.