आजीसाठी पेनड्राइव्हमधला प्लेअर

शनिवार, रात्री साडेअकरा

आज आजीने आजोबांचं बोलणं वाचलं.

आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मागेच डिजिटल करून घेतली होती. पण आजीला आता जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून मी बसून मराठी सबटायटल लिहिली. काकांच्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल न करता ती ठळक दिसायला हवी होती. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर तयार मिळतो, तरी मला तो सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करायचा होता. आजीला द्यायची वस्तू आपल्या हातची असावी, एवढंच.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मेसॉन हे बिल्ड करायचं साधन सुरुवातीलाच ‘लिबप्लेसिबो सापडत नाही’ म्हणून अडलं; ही एमपीव्हीला लागणारी लायब्ररी. ती घातल्यावर कंपाइल सुरळीत झालं. माझ्याकडे व्हिडिओ छान चालला, काकांकडे मात्र डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या जोड-फाइल्स, नसल्याची एरर. व्हिडिओ उलगडणारं एफएफएमपेग, सबटायटल काढणारा लिबअ‍ॅस, सगळं माझ्याच मशीनवर राहिलं होतं! मग एलडीडी या कमांडने लागणाऱ्या डीएलएलची यादी काढली, विंडोजच्या स्वतःच्या वगळल्या आणि बाकीच्या एक्झीच्या, म्हणजे प्लेअरच्या मुख्य फाइलच्या, शेजारी आणून ठेवल्या.

एक्झीजवळ ‘पोर्टेबल_कॉन्फिग’ फोल्डर असलं की एमपीव्ही सगळी सेटिंग्ज तिथूनच घेतो. त्यात ‘फॉन्ट्स’ फोल्डर केलं आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ टाकला. हा फॉन्टही ओपन सोर्स, याचा मला फार आनंद आहे. लिबअ‍ॅस अक्षरांची जुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतो, त्यामुळे ‘आशीर्वाद’मधला रफार अगदी जागच्या जागी बसला. साइज वाढवत ७० वर नेली.

आजी खिडकी फुलीवरूनच बंद करणार, म्हणून बंद करताना जागा लक्षात ठेवायचं सेटिंग चालू केलं. पण पेनड्राइव्हला ड्राइव्हचं अक्षर माझ्याकडे ई मिळतं आणि काकांकडे एफ; फाइलचा पत्ता बदलला की जुनी जागा सापडत नाही. पत्ता सोडून फक्त फाइलचं नाव बघायचा पर्याय आज दुपारी मिळाला आणि जीव भांड्यात पडला.

व्हिडिओत आजोबा व्याह्यांना सांगतात, “पोरीला आंबा फार आवडतो, तेवढं लक्षात ठेवा.” तिथे आजीने स्वतःच स्पेसबार दाबला. पडद्यावर बोट फिरवत ओळ दोनदा वाचली.

“उद्या पुढचं बघू रे,” म्हणाली आणि फुलीवर क्लिक केलं.

ती झोपल्यावर मी फाइल उघडून पाहिली. आजोबा तिथेच होते, हातात माइक घेऊन.