गावोगाव डी.फार्म कॉलेज झाले, पण मेडिकलवर औषध समजावून सांगणारा कुठाय?

आमच्याकडे तालुक्याच्या बाहेर रोडच्या कडेला एक बिल्डिंग आहे. आधी तिच्यावर डीएडचा बोर्ड होता. मग शिक्षक भरती थांबली, डीएडला पोट्टे यायचे बंद झाले, काही वर्षं ती बिल्डिंग नुसतीच उभी होती आणि आता तिथंच कॉलेज ऑफ फार्मसी सुरू आहे. खोल्या त्याच, बाकं तीच, एका खोलीत ओटा बांधला, सिंक बसवलं, भिंतीला दोन कपाटं लावली आणि तिला लॅब म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यात फिरा, नाहीतर वाशीम-बुलढाण्याकडं जा, असे बोर्ड आता जागोजागी दिसतेत.

माझं मेडिकल आहे. बी.फार्म अमरावतीहून केलं, त्यानंतर गावीच आलो आणि तेव्हापासून काउंटरवरच आहे. त्यामुळं हे जे लिहितोय ते फार्मसीवर राग आहे म्हणून नाही, माझं पोट यावर चालतं आणि हे काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच जीव तुटतो.

आधी ॲडमिशनचं सांगतो कारण लोक तिथूनच सुरुवात करतेत. डी.फार्म म्हणजे फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा, त्याला सीईटी नाही. बारावी सायन्स पास, फिजिक्स केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स, बस्स, मेरिट बारावीच्या मार्कावर लागते आणि सीटा रिकाम्या असल्या तर मेरिटला काही अर्थच राहत नाही, पस्तीस टक्केवाला पण आत. बी.फार्मला, म्हणजे डिग्रीला, एमएचटी-सीईटी आहे आणि बारावीला याच विषयांच्या ग्रुपमध्ये ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० लागतेत, पण सीईटीचा स्कोअर किती पाहिजे तर शून्याच्या वर. सीटा कमी आणि पोरं जास्त होती तेव्हा हे नियम कागदावर राहायचे, खरी गाळणी कॉम्पिटिशनची होती. आता सीटा इतक्या झाल्या की ती गाळणीच निघून गेली, आणि राहिला तो नुसता कागदावरचा किमान नियम.

आता एवढी कॉलेजं अचानक कुठून आली, तर त्याला पण कारण आहे. फार्मसी शिक्षणाचे नियम करणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये ठरवलं होतं की २०२०-२१ पासून पाच वर्षं नवीन डी.फार्म, बी.फार्म कॉलेजला परवानगी नाही, सरकारी कॉलेज वगैरे काही अपवाद सोडून. म्हणजे कौन्सिललाच तेव्हा दिसत होतं की हे जास्त होतंय. त्याच्या विरोधात संस्था कोर्टात गेल्या आणि १५ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ती बंदी रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. निकाल नीट वाचला तर त्यात असं कुठंच नाही की कितीही कॉलेजं काढा. कोर्ट म्हणते शिक्षणसंस्था काढणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(जी) खाली मूलभूत हक्क आहे, त्याच्यावर बंधन घालायचं तर रीतसर कायद्यानं घाला, कौन्सिलच्या नुसत्या ठरावानं घालता येत नाही. कॉलेजांचं असं पेव फुटू नये म्हणून काही बंधनं लागू शकतेत हे पण कोर्टानं मान्य केलंय. मग त्यानंतर रीतसर कायदा करायला कोणी अडवलं होतं? नुसतं दार उघडलं आणि अर्जांची रांग लागली, त्या रांगेपायी मान्यता उशिरा, मान्यता उशिरा म्हणून कॅप राउंड, म्हणजे सरकारी ॲडमिशनची फेरी, उशिरा, आणि पोरगं दिवाळी आली तरी घरी बसून, असं काही वर्षं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि पैशाचं गणित बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. आमच्या भागातल्या पोरांची फी बहुतेक करून महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरून, येते, कोणाची पूर्ण, कोणाची अर्धी. स्कॉलरशिप पाहिजेच, मीपण तिच्यावरच शिकलो, नाहीतर कोरडवाहू पाच एकरवाल्या बापाच्यानं माझं शिक्षण झालं नसतं, ती बंद करा असं म्हणणाऱ्याच्या मी विरोधात आहे. पण काही संस्थाचालकांनी काय केलं की पोराच्या नावावर येणारी फी हाच धंदा धरला. पोरगं वर्गात बसो न बसो, सीट भरली पाहिजे. म्हणून मे-जूनमध्ये प्राध्यापकांना टार्गेट असते, एवढे ॲडमिशन आणा नाहीतर पगार अडकला. एम.फार्म झालेला माणूस उन्हातान्हात मोटरसायकलवर खेडोपाडी बारावीच्या पोरांचे नंबर गोळा करत फिरतो, माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबतेत असे मास्तर, त्यांच्या तोंडाकडं पाहवत नाही. वर्षभर शिकवायला लागणारी ताकद त्या माणसाची तिथंच संपते.

आणि मग ते ‘नॉन अटेंडिंग’, म्हणजे वर्गात न येता नुसती परीक्षा द्यायची. हा शब्द आता आमच्याकडं आईबाप पण सहज वापरतेत. “भाऊ, नॉन अटेंडिंग भेटेल काय कुठं, पोरगं पुण्याले कंपनीत लागलं, परीक्षेले येते म्हणते.” नियमात ७५ टक्के हजेरी लागते. फार्मसी कौन्सिलचा नियम आहे, आणि तरी हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो, चांगल्या घरची, मेहनती माणसं विचारतेत, कारण त्यांना वाटते की सर्टिफिकेट म्हणजे दुकान आणि दुकान म्हणजे पोरगं लायनीला लागलं.

आता माझा खरा मुद्दा. सगळे म्हणतेत की कमी मार्काचे पोट्टे घेतले म्हणून दर्जा घसरला. मला हे अर्धंच पटते. पोराला चाळीस टक्के पडले याला त्याच्या गावातल्या शाळेत केमिस्ट्रीचा मास्तर नव्हता हे पण कारण असते. दोन वर्षं कोणी मन लावून शिकवलं तर चाळीसवाला पोरगा चांगला फार्मासिस्ट होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खालून घेतलं याच्यापेक्षा घेतल्यावर काहीच शिकवलं नाही हे जास्त वाईट आहे.

डी.फार्म झाल्यावर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असते, मेडिकलवर किंवा दवाखान्यात. बरेच जण दुकानात येतेत आणि सरळ म्हणतेत, “सर, फक्त सही अन् शिक्का पाहिजे.” मी देत नाही, म्हणून बरेच दुसरीकडं जातेत. मागे एक पोरगी आली, जवळच्याच खेड्यातली, बारावीला पन्नासच्या आत होती, डी.फार्मला बरे मार्क घेऊन पास. म्हणे सर मी येते रोज, मला शिकायचं आहे. बरं म्हटलं.

सुरुवातीच्याच दिवसांत एक आजी आली, हाताची बोटं वाकडी झालेली, संधिवात, नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी. मेथोट्रेक्सेट साडेसात एमजी आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी. पोरीनं स्ट्रिप बरोबर काढली, पाकिटात टाकली, आणि पाकिटावर रोजच्या गोळीसारखं लिहिलं, सकाळी १. मी बाजूलाच होतो म्हणून हात धरला. हे आठवड्याचं औषध रोज घेतलं तर तोंडात फोड येतेत, पांढऱ्या पेशी खाली जातेत, माणूस जाऊ पण शकतो. मी तिला विचारलं, मेथोट्रेक्सेट ऐकलंय का? तर हो म्हणाली, आणि पाठ म्हणून दाखवलं, कॅन्सरची औषधं, अँटिमेटाबोलाइट, बरोबर सांगितलं. तिला ते यादीत पाठ होतं. पण हेच औषध कमी डोसमध्ये संधिवाताला देतेत आणि आठवड्यातून एकदाच देतेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आजीला मी पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ लिहून दिलं, दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. “रयवारीच ना बाप्पा, समजलं मले,” म्हणत गेली.

नंतर पोरगी रडली. म्हणाली, “सर, दोन वर्षांत कोणी खरी प्रिस्क्रिप्शन हातात दिलीच नाही. प्रॅक्टिकलची फाइल आम्ही सिनियरची पाहून उतरवली.” मग तिनं एक वही केली, रोज आलेल्या चिठ्ठ्यांतलं एकेक नवीन औषध, कशाला, कधी, जेवणाआधी का नंतर, कोणाला द्यायचं नाही. ट्रेनिंग संपेपर्यंत ती ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट देताना प्रत्येक माउलीला सांगायची की पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी टाका, ग्लासात थोडं थोडं कालवू नका. आज ती एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये आहे आणि कधीमधी फोन करून मलाच नवीन औषधाचं विचारते. सांगा, या पोरीत काय कमी होतं? आणि तिच्या वर्गात सही मारून गेलेले बाकीचे आज कोणत्या काउंटरवर उभे असतील?

शहरात हे एवढं जाणवत नसेल. आमच्याकडं पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, डॉक्टर नसला, रात्र झाली, एसटी गेली, तर माणूस पहिले मेडिकलवर येतो. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते, त्या दिवसांत एखादा गडी येतो, “मळमळते, डोकं गरगरते, एखादी गोळी दे.” त्याच्या अंगाला औषधाचा वास येतोय, बुबुळ बारीक झालंय, तोंडाला लाळ, हे ज्याला ओळखू येते तो त्याला उलटीची गोळी देऊन घरी पाठवत नाही, गाडी करून दवाखान्यात पाठवतो. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक लोक गेले आणि शेकडो भरती झाले. त्या वर्षानंतर मी माझ्या दुकानातल्या प्रत्येकाला ही लक्षणं पाठ करायला लावली. डी.फार्मच्या सिलॅबसमध्ये हे सगळं आहे बरं का, नवीन २०२० च्या नियमात तर सोशल फार्मसी, कम्युनिटी फार्मसी असे विषयच आहेत. सिलॅबस चांगला आहे. शिकवणारा पाहिजे.

२०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं कोल्ड्रिफ सिरपनं गेली, वीसच्या वर, कितीतरी जण नागपूरला उपचार चालू असताना गेली. ते विष, डायइथिलीन ग्लायकॉल, कंपनीतूनच आलेलं होतं, कोणताच फार्मासिस्ट बाटली पाहून ते ओळखू शकला नसता, त्याचा दोष काउंटरवर टाकायचा नाही. पण त्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलएफ्रिन होतं, आणि हे कॉम्बिनेशन चार वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये, तसं लेबलवर छापा, हे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं होतं. गेलेल्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतले. ज्याला ते पत्र माहीत आहे असा फार्मासिस्ट बाटली हातात घेऊन लेकराचं वय तरी विचारतो. डॉक्टरला फोन तरी लावतो. आपण ज्या पोरांना सही मारून पास करतोय त्यांच्यातला कोण हे विचारणार आहे?

आणि भाड्याचं सर्टिफिकेट. हे तर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पोरगं डी.फार्म होते, कौन्सिलला रजिस्ट्रेशन करते, सर्टिफिकेट एखाद्या दुकानात भिंतीला लागते आणि पोरगं दुसऱ्याच कामाला लागते, महिन्याचे काही हजार घरी येतेत. कायद्यानं फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे. जो खरंच उभा राहून काम करतो त्याला आठ-दहा हजारावर राबवतेत, कारण भाड्याचा कागद स्वस्त पडतो. कॉलेजं वाढली तसे कागद वाढले आणि खऱ्या फार्मासिस्टचा पगार तिथंच अडकला.

डी.फार्म झाल्यावर रजिस्ट्रेशनच्या आधी द्यायच्या एक्झिट एक्झामवरून पोरं चिडली आहेत, मला कळते. नियम २०२२ मध्ये आले, पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के. पोरं म्हणतेत एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, परीक्षा पास केली, आता परत कशाला. त्यांचं चुकत नाही, ज्या कॉलेजनं शिकवलं नाही त्याला काही होत नाही आणि शिक्षा पोराला. तरी मी या परीक्षेच्या बाजूनं आहे. फक्त तिचा कॉलेजवार निकाल लावा, गावातल्या बापाला वाचता येईल असा, आणि ज्या कॉलेजची पोरं सलग नापास होतेत तिथले नवीन ॲडमिशन थांबवा, आधीची पोरं दुसऱ्या कॉलेजला पाठवा. कोर्टानं सांगितलेला रीतसर कायदा करायचा तर त्यात पहिलं कलम हेच टाका.

तोपर्यंत ज्यांच्या घरी यंदा फॉर्म भरायचा आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, एजंटच्या मोबाइलवरचे फोटो पाहून ऑप्शन देऊ नका. कॉलेज चालू असताना, कोणाला न सांगता, दुपारी जाऊन या. सेकंड इयरच्या वर्गात किती पोरं बसली आहेत ते पहा. लॅबमध्ये टॅबलेट पंचिंगचं, म्हणजे गोळ्या बनवायचं, मशीन दाखवा म्हणा, आणि चालू करून दाखवा म्हणा, त्याच्यावर धूळ आहे का ते हात लावून पहा. फार्माकॉलॉजी कोण शिकवते ते पोरांना विचारा, मास्तरचं नाव त्यांना पटकन सांगता येते का ते पहा. मागच्या बॅचचं ट्रेनिंग कोणत्या दवाखान्यात झालं ते विचारा आणि त्या दवाखान्यात फोन लावून खात्री करा. यवतमाळ, दारव्हा, पुसद, आर्णीकडच्या कोणाला सोबत कोणी पाहिजे असेल तर रविवारी माझं दुकान दुपारी बंद असते पण तेव्हा कॉलेजही बंद, म्हणून शनिवारी भाऊ काउंटर सांभाळतो, मी येतो तुमच्यासोबत.