मुलाम्याच्या सोन्यापासून क्ष-किरणांपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाबांचा मुलाम्याचा कारखाना होता. आधी दागिने, मग कनेक्टरच्या पिना. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळवायला मी तिथेच शिकलो. एकदा एक संशोधक विद्यार्थिनी सोन्याचं क्लोराइड मागायला आली. तिने आमच्याच शेगडीवर त्याचं पातळ द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट घातलं. पिवळा रंग गेला, मग काळपट झालं आणि बघता बघता कोकम सरबतासारखं लालबुंद! रसायनशास्त्रज्ञ टर्केविचची 1951 सालची ही रीत. त्या लालीत वीसेक नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सोन्याचे कण असतात.

ते कशाला, हे तिनेच समजावलं. शरीर मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचं. सोन्याचा अणुक्रमांक 79. कर्करोगाच्या गाठीत सोनं पोचलं तर क्ष-किरण तिथे जास्त शोषले जातात, इलेक्ट्रॉन उडतात आणि जवळच्याच पेशींवर घाव घालतात. 2004 मध्ये संशोधक हेनफेल्ड यांच्या प्रयोगात नुसते क्ष-किरण दिलेले 20 टक्के उंदीर वर्षभर जगले, तर सोनंही दिलेले 86 टक्के. अर्थात ते उंदीर होते, आणि किरण 250 किलोव्होल्टचे. रुग्णालयातली यंत्रं बऱ्याच जास्त ऊर्जेवर चालतात, तिथे सोन्याचा हा फायदा कमी होतो. युरोपात 2019 मध्ये मान्यता मिळाली ती हाफ्नियम या दुसऱ्याच धातूच्या ऑक्साइडच्या कणांना. म्हणून आम्ही कुणाला आशा विकत नाही. प्रयोगशाळांना कण देतो, औषध नाही.

हे कण बनवायला लागलो त्या पहिल्या वर्षी एका प्रयोगशाळेचा फोन आला: कण सलाइनमध्ये घातले आणि जांभळे पडून तळाशी बसले. मिठाने कणांवरच्या विद्युतभाराचा आडोसा जातो आणि ते एकमेकांना चिकटतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण जमवण्यात सहा महिने गेले. पुढचा लॉट मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांमुळे परत आला; दोष आमच्या पाण्यात होता. नवी मुंबईत रबाळेला जागा घेतली तेव्हा यंत्रांआधी पाण्याचा प्लांट बसवला. काचेचं भांडं आजही दर वेळी आम्लराजानेच धुतो.

आता पाच नॅनोमीटरच्या आतले कण करतोय. तेवढे बारीक असले तर मूत्रपिंडातून बाहेर पडू शकतात. मोठे यकृतात आणि प्लीहेत साचतात. दहातले सहा लॉट जमतात. उरलेल्या चारांमधलं सोनं परत काढायला बाबा अजून सकाळी आठच्या ठाणे-वाशी लोकलने येतात.