क्लिप हातात होती

मंगळवारची पित्ताशयाची केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. बाई पंचावन्नच्या आसपास, सोयाबीनची काढणी चालू म्हणून नऊ दिवस गोळ्यांवर दुखणं अंगावर काढलेलं, त्यामुळे आत काय असणार याचा अंदाज होताच. बेंबीतून दुर्बीण घातली, गॅसचं प्रेशर 12 वर, पण पित्ताशय दिसेचना, चरबीचा पडदा येऊन घट्ट चिकटलेला. तो सोडवण्यातच चाळीस मिनिटं गेली. मग एक नळी दिसली. असिस्टंट म्हणाला, सर, हीच सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची स्वतःची नळी, जी बंद करून कापायची असते. सिस्टरनं नळी बंद करायची क्लिप लावलेला ॲप्लिकेटर हातात दिलासुद्धा.

पण क्लिप मारायच्या आधी पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी मोकळ्या दिसायला हव्यात, एक नळी आणि एक धमनी, आणि पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सुटलेला हवा. स्ट्रासबर्ग या अमेरिकन सर्जननं 1995 मध्ये हे लिहून ठेवलंय. मला मागचं काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, ओपन करू.

बरगडीखाली चीर घेऊन बोट आत घातलं आणि लगेच पित्ताशयाच्या मानेत अडकलेला बोराएवढा खडा लागला. स्क्रीनवर कितीही मोठं दिसू दे, बोटाला कळतं ते दुर्बिणीला कळत नाही. सुजेनं मुख्य पित्तनलिकाच वर ओढली गेली होती. मघाची नळी म्हणजे तीच. क्लिप मारली असती तर बाईला कावीळ, मग पुण्याला नेऊन नळी आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन. असिस्टंटलाही खडा बोटानं चाचपायला लावला, त्यानं सगळ्या ट्रेनिंगमध्ये ओपन पित्ताशय दोनदाच बघितलंय, आणि ही त्याची चूक नाही, आम्ही शिकवणाऱ्यांची आहे. मान तेवढी ठेवून बाकीचं पित्ताशय काढलं, आत साचलेलं बाहेर यायला ड्रेनची नळी टाकली.

बाहेर मुलगा चिडलेला. "दुर्बिणीचं ठरलं होतं ना डॉक्टर, आईचं पोट कशाला फाडलंत?" फॉर्मवर त्याचीच सही होती, पण सही घेणं म्हणजे समजावणं नाही. 1985 मध्ये जर्मनीत म्यूहे नावाच्या सर्जननं पहिल्यांदा दुर्बिणीनं पित्ताशय काढलं तेव्हा तिथल्या सर्जन लोकांनी त्याला धुडकावलं होतं. आपल्याकडे डॉ. उडवाडियांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलला याची सुरुवात केली. आता चीर दिली की सर्जन कच्चा ठरतो.

काल ड्रेन काढला, पित्ताचा थेंब नव्हता. मुलगा नीट बोलला. पण चाळीस मिनिटं का घालवली, वीसलाच का थांबलो नाही, हे अजून सुटत नाहीये.