तुम्ही विचारलंत म्हणून: वाइनचे ग्लास घ्यायचे कुठले आणि ठेवायचे कसे?

घरी कुणी आलं, ग्लास हातात घेतला की हा प्रश्न येतोच, रेडला वेगळा, व्हाइटला वेगळा असं खरंच घ्यावं लागतं का हो? आणि लगेच दुसरा, तुमच्याकडे हे फुटत नाहीत का? तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

नाही लागत. एकच आकार घ्या, सहा नग, विषय संपला. द्राक्षाच्या जातीप्रमाणे ग्लास बदलायची टूम ऑस्ट्रियाच्या रीडेल या काचवाल्यांनी १९७३ च्या ‘सोमेलिए’ नावाच्या ग्लासांच्या सिरीजपासून जोरात चालवली. ग्लास देखणे आहेत, वाद नाही, पण दुकानात जे सांगतात ना की हा आकार वाइन जिभेच्या गोड भागावर सोडतो आणि तो आंबट भागावर, ते तिथेच सोडून या, जिभेवर असे वाटे पाडलेले नसतात, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. आकाराचं खरं काम नाकाशी आहे. पोट रुंद आणि तोंड त्याहून जरा अरुंद असलं की ग्लास फिरवल्यावर वास आत साठतो, एवढंच. म्हणून ३५० ते ४५० मिलीचा ग्लास घ्यायचा आणि त्यात १५० मिली ओतायची, ७५० च्या बाटलीत पाच जणांचं होतं. पाहुण्यांना वाटतं हात आखडता घेतलाय, वाटू दे. चाखण्यासाठीचा जो आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाचा ग्लास आहे तो तर २१५ मिलीचाच, आणि त्यात ओततात फक्त ५०.

दुकानात दोनच गोष्टी बघा. काठावरून नख फिरवा, स्वस्तातल्या ग्लासला काठाशी गोल जाड वळी लागते, चांगल्याला नख सरळ निसटतं. ओठाला तो पातळ काठ लागला की फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दांडी हवीच. बिनदांडीचे ग्लास दिसतात स्मार्ट, पण फ्रीजमधून दहा डिग्रीला काढलेली नाशिकची शेनिन ब्लाँ (ही व्हाइट वाइन) एप्रिलच्या संध्याकाळी अख्ख्या तळव्यात धरून बसलात तर पाच मिनिटांत तिचं सरबत होतं. आणि शोकेसमधला तो जुना कोरीव कामाचा जड क्रिस्टल सेट असेल, त्यात बऱ्याचदा शिसं असतं, जेवणापुरती ओतून प्यायलात तर ठीक, पण तसल्याच डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या सुरईत) वाइन दिवसेंदिवस भरून ठेवू नका, आंबटपणामुळे शिसं हळूहळू वाइनमध्ये उतरतं.

आता धुणं. फुटतात ते इथेच, पिताना नाही. रात्री धुवायचेच नाहीत, दोन घोट आत गेलेले असतात आणि झोपही आलेली असते, पाणी घालून ओट्यावर मागे सरकवून ठेवा. सकाळी मावशी यायच्या आधी आपण स्वतः धुवा, त्यांचा हात स्टीलच्या भांड्यांना सरावलेला, त्यात त्यांची काय चूक. सिंकमध्ये जुना नॅपकिन पसरा, नळाची मान बाजूला करा (काठ तिलाच आपटतो), कोमट पाणी, लिक्विडचा एखादा थेंब, घासणी नको, बोटांनीच काठावरची लिपस्टिक आणि तेलकटपणा जातो, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. पुसताना एका हातात तळ आणि दुसऱ्या हातात पोट धरून पिळल्यासारखं केलंत की दांडी कट्कन जाते. पोट पुसताना पोटच धरा. मायक्रोफायबरचं कापड घ्या.

टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग पडणारच, तो क्षार असतो, ग्लास पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवला की सुटतो. व्हिनेगरनेही गेला नाही आणि काच धुरकटच राहिली तर तो डाग नाही, काचच झिजली आहे, डिशवॉशरमध्ये वारंवार घातलेल्यांचं असं होतं, त्याला उपाय नाही, त्यात ताक प्या.

ठेवताना उभेच ठेवा. उपडे ठेवले की काठावर वजन येतं आणि आतली हवा कोंडते, मग कपाटाच्या प्लायचा, मसाल्याच्या डब्यांचा नाहीतर डांबरगोळ्यांचा वास ग्लासात बसतो आणि लोक म्हणतात वाइन खराब निघाली. पेपरमध्ये गुंडाळूनही नको, शाईचा वास लागतो. ओतायच्या आधी रिकामा ग्लास एकदा हुंगायची सवय लावा, वास आला तर चमचाभर वाइन आत फिरवून ओतून द्या.

स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठी, फ्लूट म्हणतात ते उंच अरुंद ग्लास घ्यायचे का, असंही विचारतात. नको, वर सांगितलेलाच ग्लास चालतो, उलट वास जास्त कळतो. फक्त त्यात साबणाचा अंश राहू देऊ नका, बुडबुडे विरून जातात. आणि गंमत अशी की बुडबुड्यांच्या त्या ज्या रांगा वर येताना दिसतात, त्या बहुतेक काचेला चिकटलेल्या कापडाच्या नाहीतर हवेतल्या बारीक तंतूंपासून सुटतात, म्हणजे ग्लास अगदीच लख्ख असला तर वाइन बिचारी गप्प बसलेली दिसते. तेवढ्या ग्लासांपुरता मायक्रोफायबर बाजूला ठेवा आणि आतून साध्या सुती पंचाचा एक हात फिरवा.